नाईट किती, खोलीभाडं किती?

या वेळी सगळी पत्रं नाटकवाल्यांचीच घेतोय. मी पूर्वी नाटकाचा व्यवस्थापक होतो, तारखा, बस, तिकीटबारी, नाईटची म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनाची पाकिटं हे सगळं माझ्या हातून गेलेलं, म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. अभिनय कसा करावा ते मला विचारू नका, मला तो कधीच आला नाही. पैशाचं विचारा.

प्रश्न: काका नमस्कार. मी सेलू तालुक्यातला, जिल्हा परभणी. संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र केलं, राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक आहे, मग मुंबईला आलो, आता पाचवं वर्ष चालू आहे. सध्या एका व्यावसायिक नाटकात दोन छोटी कामं करतो, नाईट १५०० आहे. सुरुवातीला महिन्याला बारा-बारा प्रयोग व्हायचे, आता चार झाले तरी नशीब. कांदिवलीला चौघं मिळून राहतो, माझ्या वाट्याचं भाडं ६००० येतं. मधेमधे सिरीयलमध्ये हवालदार नाहीतर शेजारी असं काहीतरी मिळतं, त्याचे पैसे तीन महिन्यांनी येतात. एका ॲपवरून ४०,००० कर्ज घेतलंय ते फेडायलोय. वय ३१. घरी चार एकर कोरडवाहू. वडील काही बोलत नाहीत पण माय रोज फोनवर विचारती, बाबा कव्हर (कुठवर) असं. टीव्हीत दिसलो की गावातली पोरं स्टेटस ठेवतात अन् सोयरीक आली की पाव्हणे विचारतात पोरगा करतो काय, पगार किती, तिथं आमचं सगळं बसतं. आता परभणीच्या एका इंग्लिश स्कूलमधून नाट्यशिक्षक म्हणून १८,००० वर बोलवायलेत. गेलो तर हारून आलो असं वाटतंय, नाही गेलो तर असं किती दिवस काढायचे. काय करू? — नाव छापू नका

उत्तर: नाव नाही छापत, पण तुझेच आकडे तुझ्यापुढे मांडतो. चार प्रयोग गुणिले १५०० म्हणजे ६०००, आणि तुझं भाडंही ६०००. म्हणजे आज नाटक तुझ्या डोक्यावरचं छप्पर धरून आहे, बाकी जेवण, लोकल, मोबाईल, ॲपचा हप्ता हे सगळं हवालदाराच्या वर्दीवर चालू आहे आणि ती वर्दी पैसे देणार तीन महिन्यांनी. आता दुसरा हिशोब बघ, तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. नाटक सगळ्यात जोरात होतं तेव्हा बारा प्रयोग व्हायचे, त्याचे झाले १८,०००. शाळा पण १८,००० च म्हणतेय. म्हणजे तुझा सगळ्यात भारी महिना आणि परभणीचा साधा महिना सारखाच आहे, फरक एवढाच की परभणीला ते ६००० भाडं जात नाही, सेलूहून रेल्वेने येजा पण होते.

आता तू म्हणशील काका तुम्ही पण पाव्हण्यांसारखं बोलायलात. थांब जरा.

नाईट कशी ठरते ते तुम्हा पोरांना कुणी नीट सांगत नाही आणि मग तुम्ही ती मनाला लावून घेता. एका प्रयोगामागे नाट्यगृहाचं भाडं, पेपरातली जाहिरात, सेटचा ट्रक, लाइट-साउंड, मेकअप, कपडेपट, बॅकस्टेजच्या माणसांची नाईट आणि बुकिंगवरचा माणूस एवढं सगळं आधी निघावं लागतं, जाहिरातीचा खर्च तर प्रयोग पडला तरी जातोच, त्यानंतर ज्या नटाच्या नावावर तिकिटं फाटतात त्याची नाईट, आणि मग उरलेल्यात तुम्ही सगळे. तुझं काम किती चांगलं झालं याचा तुझ्या नाईटशी फार कमी संबंध आहे, तुझ्या नावावर लोक खिडकीशी येतात का याचा सगळा संबंध आहे. हे कडू वाटेल पण एकदा समजलं की १५०० चं पाकीट हातात आल्यावर आपण कमी पडलो असं वाटणं बंद होतं. मराठवाड्यात दौरा का लागत नाही तेही याच्यातच आलं, मुंबईहून संभाजीनगर साडेतीनशे किलोमीटर, तिथून पुढं जालना, परभणी, नांदेड, बस आणि ट्रकचं डिझेल, सगळ्यांचं लॉज, एका प्रयोगासाठी प्रवासात गेलेला आख्खा दिवस, म्हणून निर्माता इकडं यायचा तर मोठ्या नावाचं नाटक घेऊनच येतो नाहीतर कुणी ठरावीक रकमेवर प्रयोग विकत घेतला तरच येतो.

दुसरं म्हणजे महिन्याचा हिशोब करूच नको, वर्षाचा कर. दिवाळी, नाताळ, मे महिना ही कमाईची दिवसं, परीक्षांच्या दिवसांत आणि धो-धो पावसात बुकिंग पडतं, नवीन नाटकाच्या तालमीचा महिना-दीड महिना बहुतेक ठिकाणी बिनपैशाचा. एक साधी वही घे, मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष हातात काय आलं ते लिही, येणं बाकी आहे ते लिहू नको, त्याला बाराने भाग. तो जो आकडा येईल ना तो तुझा पगार. पाव्हण्यांनी विचारलं की तोच सांगायचा, वर्षाचे एवढे होतात म्हणून, लाजायचं नाही आणि फुगवायचं तर अजिबातच नाही, कारण लग्नानंतर त्या आकड्यात दोघांना राहायचंय आणि जी मुलगी तो खरा आकडा ऐकून हो म्हणेल तिच्याशीच तुझं जमेल.

कर्जाचं आधी बघ. शाळा, नाटक, करिअर सगळं नंतर. या ॲपवाल्यांचं व्याज आणि प्रोसेसिंग फी आणि लेट फी मिळून वर्षाला किती पडतं ते एकदा काढ, झोप उडेल. क्रेडिट कार्डाची बाकी ठेवली तरी महिन्याला तीन-साडेतीन टक्के जातात म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास, आणि काही ॲप त्याच्याही वर जातात. घरात माय-बापाकडे थोडं सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण यापेक्षा खूप स्वस्त पडतं, पण त्यांना खरं सांगून घे, गुपचूप नको. हे फिटेपर्यंत नवीन पोर्टफोलिओ, नवीन फोन, जिम वगैरे काही नाही.

आणि एक पैसा असा आहे जो तुझाच आहे पण तू बहुतेक उचलला नसशील. सिरीयलचे पैसे देताना प्रॉडक्शन हाऊस १० टक्के टीडीएस कापून घेतं. तुझं उत्पन्न इतकं कमी आहे की तुला इन्कम टॅक्स लागतच नाही, म्हणजे तो कापलेला सगळा पैसा परत मिळतो, पण रिटर्न भरलं तरच. पोरं म्हणतात आपल्याला कुठं टॅक्स लागतो कशाला भरायचं रिटर्न, आणि दरवर्षी दोन-चार हजार सरकारजमा करतात. आर्थिक वर्ष संपल्यावर जुलै-ऑगस्टच्या सुमारास मुदत असते, चुकली तरी त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, त्यानंतर मात्र रिफंड मिळवणं फार अवघड. इन्कम टॅक्सच्या साइटवर फॉर्म २६एएस निघतो, तुझ्या नावावर कुणी किती कापलं ते त्याच्यात दिसतं. आजच बघ. रिटर्न भरलेलं असलं की पुढं कधी घरासाठी नाहीतर गाडीसाठी बँकेत गेलास तर दाखवायला कागद पण असतो, नटाला बँक दारात उभं करत नाही ते कागद नसतो म्हणूनच.

सरकारी स्कीमचं पण सांगून टाकतो कारण व्हॉट्सॲपवर अर्धवट फिरत असतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयाला आहे, ती तुझी गेली. २५ ते ४० साठी ज्युनिअर फेलोशिप आहे, महिना १०,००० दोन वर्षं, पण ती संशोधनाच्या प्रकल्पाला मिळते, नुसता नट आहे म्हणून नाही. तुला आपल्याकडच्या भारुडावर नाहीतर गोंधळावर नाहीतर कलगी-तुऱ्यावर खरंच काही करायचं असेल तर अर्ज कर. रेपर्टरी ग्रँट (नाटक मंडळींतल्या गुरू-शिष्यांच्या मानधनासाठीचं अनुदान) पण असते, त्यात गुरूला महिना १५,००० आणि मोठ्या वयाच्या शिष्याला १०,००० असं धरलेलं असतं, पण ती संस्थेला मिळते, संस्था नोंदणीकृत आणि काही वर्षं काम केलेली लागते, आणि पैसा उशिराच येणार असं धरून चालायचं. यातल्या कशावरही भाडं भरायचा प्लॅन करू नको.

आता शाळेचं. तू प्रश्न असा टाकलास की गेलो तर हारलो. मला हा प्रश्नच पटला नाही. मराठवाड्यात ज्यांनी नाटक केलं त्यांच्याकडे बघ ना जरा. लक्ष्मण देशपांडे, एकट्याने ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ करायचे, पन्नासावर पात्रं, जगभर प्रयोग, गिनीज बुकात नाव, आणि हा माणूस आपल्याच विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचा. नांदेडचे दत्ता भगत, एवढे मोठे नाटककार, प्राध्यापक होते. कुणी त्यांना म्हणालं का की तुम्ही मास्तरकी केली म्हणजे नाटकात हारलात? त्यांच्या नाटकाला पगाराचा टेकू होता आणि म्हणूनच मला वाटतं त्यांना हवं तेच नाटक करता आलं. दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, लेखक प्रशांत दळवी आणि त्यांची जिगिषा ही नाट्यसंस्था ऐंशीच्या दशकात इथून मुंबईला गेली आणि तिथं पाय रोवले, पण ते एकटेदुकटे गेले नव्हते, ग्रुपच्या ग्रुप गेला, लिहिणारा, बसवणारा, काम करणारा सगळे बरोबर, म्हणजे कामाची वाट बघत बसायचं नाही, काम आपणच उभं करायचं. तू पाच वर्षं कांदिवलीत चौघांत राहतोस, त्या चौघांनी मिळून एक तरी दीर्घांक उभा केला का? नसेल तर तुम्ही चौघं फक्त भाडं वाटून घेताय.

तुझे वडील बोलत नाहीत असं लिहिलंस. मला वाटतं त्यांना तुझं सगळ्यात जास्त समजतं. पाऊस कधी येईल, सोयाबीनला भाव काय लागेल हे त्यांना कुठलं पेरताना माहीत असतं, तरी पेरतातच की. पण ते चारही एकर नुसतं सोयाबीन नाही लावत, मधे तुरीचे तास ठेवतात. शाळा ही तूर समज.

पण शाळेला लगेच हो म्हणू नको, आधी चार गोष्टी विचार आणि उत्तरं कागदावर घे. नेमणुकीचं पत्र देणार का? पगार बारा महिन्यांचा का दहाच महिन्यांचा? बऱ्याच शाळा उन्हाळ्याचा देत नाहीत आणि मग १८,००० चे वर्षाला सरासरी १५,००० च पडतात. पीएफ कापणार का? शनिवार-रविवार मोकळा का? हे शेवटचं तुझ्यासाठी सगळ्यात मोठं, कारण देवगिरी एक्सप्रेसला रात्री परभणीला बसलं की सकाळी मुंबईत उतरता येतं, म्हणजे सध्याच्या नाटकाचा रविवारचा प्रयोग अगदीच अशक्य नाही, पण १५०० च्या नाईटसाठी येण्याजाण्याचं तिकीट आणि दोन रात्रींची झोप घालवणं परवडतं का ते तूच बघ, मला नाही वाटत. निर्मात्याला आत्ताच जाऊन स्पष्ट सांग, रिप्लेसमेंट बसवायला वेळ दे, स्वतः एक-दोन तालमी घेऊन दे. असा नट लोकांच्या लक्षात राहतो. अचानक दांडी मारणारा त्याहून जास्त लक्षात राहतो.

मी तुझ्या जागी असतो तर एक शैक्षणिक वर्ष परभणी घेतली असती. कर्ज फेडलं असतं, तीन-चार महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला टाकला असता, परभणी आकाशवाणीला नाट्यविभागाची आणि नैमित्तिक उद्घोषकाची ऑडिशन दिली असती, डिसेंबर-जानेवारीत आसपासच्या कॉलेजांची गॅदरिंगं बसवून दिली असती, त्याचे चांगले पैसे होतात हे तुला माहितीये, आणि एक सत्तर-ऐंशी मिनिटांचं एकट्याचं नाहीतर दोघांचं नाटक बसवलं असतं ज्याचा सगळा सेट एका बॅगेत मावतो. ते सेलूत, जिंतूरला, मानवतला, वसमतला कुणाच्याही मंगल कार्यालयात होतं. वर्षाने परत वही काढायची. नाटकाचे पैसे त्या वहीत वाढलेले दिसले तर मुंबईचं परत बघू, आणि मुंबई कुठं पळून चाललीय, सेल्फ टेप (मोबाईलवर स्वतःच रेकॉर्ड केलेली ऑडिशन) तर तू परभणीहून पण पाठवू शकतोस.

हो, आणि ते वर्षाला २० रुपयांचा सरकारी अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवनज्योती आयुर्विमा, दोन्ही बँक खात्यातून कापून घे, दोन-दोन लाखांचं कव्हर आहे. दौऱ्याच्या बसमध्ये रात्री ड्रायव्हरला डुलकी लागते तेव्हा नाटक कितीही सुपरहिट असलं तरी उपयोग नसतो. एवढं मी पाहिलेलं आहे, जास्त लिहीत नाही.

प्रश्न: नमस्कार. मी उदगीरची आहे, बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे, वय २१. कॉलेजच्या एकांकिकेत दोनदा बक्षीस मिळालं. इन्स्टावर एका कास्टिंग कोऑर्डिनेटरचा मेसेज आला की तुमचा फेस सिरीयलसाठी शॉर्टलिस्ट झालाय, आर्टिस्ट कार्ड आणि पोर्टफोलिओचे २५,००० भरा, पंधरा दिवसांत शूट आहे. चॅनलच्या लोगोचं लेटर पण पाठवलंय. घरी अजून सांगितलं नाही, एका मैत्रिणीकडून पैसे घ्यायचा विचार आहे. भरू का? — उदगीर

उत्तर: नको. एक रुपया पण नको.

बेटा, ऑडिशनला पैसे लागत नाहीत. सिलेक्शनला लागत नाहीत, कास्टिंगवाल्याला कार्डाचे द्यावे लागत नाहीत, मेकअप टेस्टला लागत नाहीत. काम देणारा तुला पैसे देतो, तू त्याला नाही. कोऑर्डिनेटर काम मिळाल्यावर तुझ्या मानधनातून कमिशन कापतो ही वेगळी गोष्ट, ते तर चालतंच, पण आधी मागणारा प्रत्येक जण चोर धरायचा, लोगोचं लेटर कुणीही मोबाईलवर पाच मिनिटांत बनवतं. त्याला ब्लॉक करायच्या आधी सगळे मेसेज आणि नंबर स्क्रीनशॉट घेऊन ठेव. आणि जर पैसे आधीच गेले असतील (पत्रात तू ‘भरू का’ लिहिलंस पण मला थोडी शंका येतेय) तर लाज न धरता लगेच १९३० ला फोन लाव, सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर करशील तितके पैसे वाटेत अडवता येतात. घरी सांग. आई रागवेल, पण तू एकटी त्या माणसाने बोलावलेल्या हॉटेलवर ‘मीटिंग’ला जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आता कामाचं. २५,००० उभे करायची तुझी तयारी आहेच तर ते शिकण्यात घाल. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, उदगीरहून तेच जवळ पडतं, संभाजीनगरला नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्याला ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी आहे. सरकारी विद्यापीठात फी भरलीस तर निदान शिक्षण तरी हातात पडतं. दिल्लीच्या एनएसडीचा म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा पण विचार कर, तीन वर्षांचा कोर्स, पदवी लागते, निदान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात आणि हिंदी-इंग्रजी कामापुरती यावी लागते, पण निवड झाली की विद्यावृत्ती मिळते. फार लांबचं वाटत असेल तर वामन केंद्रे बघ, बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून तिथं शिकायला गेले आणि पुढं त्याच एनएसडीचे संचालक झाले. आत्तापासून प्रत्येक नाटकाचं प्रमाणपत्र, ब्रोशर, पेपरातलं कात्रण फाईलला लावत जा, नंतर शोधताना रडू येतं. वर सेलूच्या दादाला जी शिष्यवृत्ती हुकली ती तुझ्या वयाला चालते, महिना ५००० दोन वर्षं, सहा-सहा महिन्यांनी येतात, पण त्यासाठी आधी कुणा गुरूकडे नाहीतर संस्थेत काही वर्षं शिकलेलं दाखवावं लागतं.

आणि तुझी उदगीरची भाषा. कुणीतरी तुला सांगणारच की हे ‘करलालाव, जालालाव’ सोडून दे. सोडू नको, प्रमाण भाषा पण घासून ये आणि ही पण ठेव. मकरंद अनासपुरेंना मराठवाडी बोलण्यानेच लोकांनी ओळखलं ना.

प्रश्न: स. न. वि. वि. माझे मिस्टर एका पतसंस्थेत आहेत, नाटकाचा भारी नाद. दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धा आली की ऑक्टोबरपासून संध्याकाळी घरात नसतात आणि स्पर्धा झाल्यावर कळतं की नेपथ्य, लाइट, पोरांचा चहा-नाश्ता मिळून खिशातले तीस-चाळीस हजार गेले. मुलीची ट्यूशन फी थकलीय. बोललं की म्हणतात तुला कलेतलं काय कळतं. मला नाटक आवडत नाही असं नाहीये हो, पहिल्या रांगेत मीच बसलेली असते. — नांदेडहून एक बायको

उत्तर: ताई, तुम्हाला कलेतलं कळो न कळो, हिशोबातलं कळतं, आणि त्या ग्रुपमध्ये नेमकं तेच कुणाला कळत नाही. माझं ऐका, या वर्षी त्या नाटकाच्या निर्मितीप्रमुख तुम्हीच व्हा. थट्टा नाही करत. स्पर्धेच्या नाटकात पैसा कुठं गळतो ते मला पाठ आहे. दिग्दर्शकाला दुमजली वाडा पाहिजे असतो आणि तो प्लायवूडचा वाडा एका प्रयोगापुरता उभा राहतो आणि मग कुणाच्या तरी गच्चीवर पावसात कुजतो. लाइटचं सामान भाड्याने दोन दिवस जास्त ठेवलेलं असतं. तालमीचा चहा-नाश्ता तर विचारूच नका. सरकारकडून स्पर्धेसाठी येणाऱ्या पैशात हे सगळं बसत नाही आणि बक्षीस लागलं तरी ते पंधरा जणांत वाटल्यावर काय राहतं.

नाटकाचं खातं वेगळं काढा, घरखर्चाच्या खात्यातून त्याच्यात वर्षाला किती जाणार तो आकडा तुम्ही दोघांनी आधी ठरवायचा, समजा १०,०००, त्यावर एक पैसा नाही. मुलीची फी त्याच्या आधी. बाकी पैसे ग्रुपने उभे करायचे, प्रत्येकाने वर्गणी, गावातल्या दुकानदाराची ब्रोशरमध्ये जाहिरात. संहिता निवडतानाच एका सेटचं नाटक घ्या, लेव्हल (लाकडी चौथरे) आणि काळे पडदे एकदाच नीट करून घ्या म्हणजे पाच वर्षं पुरतात. आणि खरी चूक सांगू का कुठं होते? दोन महिने मरमर करून नाटक बसवतात, सेन्सॉरचं म्हणजे परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र काढतात आणि एकच प्रयोग करून मोडून टाकतात. स्पर्धेनंतर त्याच नाटकाचे चार प्रयोग कॉलेजात, गणपती मंडळात, एखाद्या बँकेच्या वार्षिक कार्यक्रमात लागले (लेखकाची परवानगी आणि मानधन त्यात धरून) तर खिशातलं बरंचसं परत येतं. मे महिन्यात मुलांचं नाट्यशिबिर घ्या, पालक आनंदाने फी देतात, मिस्टरांना शिकवायला मजा येते आणि तुम्ही पावतीपुस्तक सांभाळा.

‘तुला काय कळतं’ याचं मात्र त्यांना एकदा चांगलं ऐकवा, ते माझ्या नावावर खपवलंत तरी चालेल.

प्रश्न: मी धाराशिव जिल्ह्यातला, वय ५६, पूर्वी कलापथकात सोंगाड्या होतो, नंतर नाटक कंपन्यांत पडेल ते काम केलं. आता गुडघे गेले. कलावंतांना मानधन मिळतं म्हणतात, ते खरं आहे का? कोणाकडं जायचं?

उत्तर: अण्णा, खरं आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे, २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५००० केलेत, त्याआधी कमी होते. वय ५० पूर्ण लागतं म्हणजे तुमचं बसतं, कलेत निदान १५ वर्षं काम केलेलं दाखवावं लागतं आणि वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो. दरवर्षी जिल्ह्यातून ठरावीकच लोक घेतात म्हणून कागद भक्कम पाहिजेत, जुनी हँडबिलं, फोटो, मंडळांची पत्रं, गावच्या जत्रेत खेळ केला असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीचा दाखला, जे असेल ते पेटीतून बाहेर काढा. अर्ज ऑनलाइन असतो, नातवाला नाहीतर सेतूवाल्याला बसवा, आणि अडलं तर पंचायत समितीत नाहीतर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा. कुणी मधला माणूस ‘पाच हजार द्या, मंजूर करून आणतो’ म्हणाला तर त्याला उदगीरच्या पोरीचं उत्तर वाचायला द्या. गुडघ्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल आहे ते पण त्याच फेरीत विचारून घ्या, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर असतं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.